झोपेसाठी चिनी काढा: औषध अठराशे वर्षं जुनं, पण पाकिटात नेमकं काय असतं?

रात्रीचे दोन वाजलेत, झोप येत नाही, म्हणून फोन हातात घेतला की हमखास एखादी रील समोर येते. मातीच्या भांड्यात गडद तपकिरी पाणी उकळतंय, त्यात सुरकुतलेली लाल फळं, पांढरट चकत्या, कुठल्याशा बिया. खाली लिहिलेलं असतं: 'हजारो वर्षांचा चिनी उपाय, एक कप प्या आणि बाळासारखे झोपा.' कमेंटमध्ये लगेच विचारणा सुरू होते, 'लिंक प्लीज.'

अशा उपायांकडे लोक वळतात याचं नवल नाही. जगभरात साधारण दहापैकी एका प्रौढ व्यक्तीला दीर्घकाळचा निद्रानाश असतो, असं मानलं जातं. अधूनमधून झोपेची तक्रार असणारे तर त्याहून कितीतरी जास्त. झोपेच्या गोळ्यांची सवय लागेल, ही भीती अनेकांना वाटते. अशा वेळी 'नैसर्गिक', 'साइड इफेक्ट नाही' हे शब्द ऐकून बरं वाटतं.

पण या काढ्यांमध्ये नेमकं काय असतं? त्यांनी खरंच झोप येते का? आणि 'नैसर्गिक' म्हणजे सुरक्षित, असं म्हणता येतं का? समजून घेऊया.

चिनी वैद्यकात झोप न येणं म्हणजे काय?

आधुनिक वैद्यकात निद्रानाश ही झोपेची एक स्वतंत्र तक्रार म्हणून तपासली जाते. पारंपरिक चिनी वैद्यकाची मांडणी वेगळी आहे. तिथे 'शेन' नावाची एक कल्पना आहे. मन, भान, चैतन्य या सगळ्यांना मिळून एक शब्द वापरावा, तसा हा शब्द. दिवसा हे शेन बाहेरच्या जगात वावरतं आणि रात्री हृदयात विसावतं. रक्त किंवा 'यिन' म्हणजे शरीरातला थंडावा आणि ओलावा कमी पडला, तर शेनला विसावायला जागा राहत नाही आणि माणूस जागा राहतो, असं हे शास्त्र मानतं.

म्हणूनच चिनी वैद्याकडे गेल्यावर 'झोप येत नाही' एवढं सांगून भागत नाही. तो जीभ बघतो, नाडी बघतो, भूक, घाम, स्वप्नं, शौच याबद्दल विचारतो. मग निद्रानाशाचा प्रकार ठरवतो. हृदय आणि प्लीहा दुर्बल झाल्याचा एक प्रकार, यकृतात 'आग' वाढल्याचा दुसरा, कफ आणि उष्णतेचा तिसरा, यिन कमी पडल्याचा चौथा, भित्रेपणा आणि दचकून जागं होण्याचा पाचवा. प्रत्येक प्रकाराला काढा वेगळा.

इथे पहिली गोष्ट लक्षात घ्यायला हवी. 'निद्रानाशावरचा चिनी काढा' अशी एकच एक गोष्ट त्या परंपरेतही नाही. शेजारच्या माणसाला लागू पडलेला काढा तुम्हाला देऊ नये, असं ते शास्त्र स्वतःच सांगतं. रीलमधला 'सगळ्यांसाठी एकच कप' त्या परंपरेच्याही नियमात बसत नाही.

सगळ्यात प्रसिद्ध काढा कोणता?

'स्वान झाओ रेन तांग'. नाव अवघड वाटलं तरी अर्थ साधा आहे. स्वान झाओ म्हणजे आंबट बोर, रेन म्हणजे बी आणि तांग म्हणजे काढा. म्हणजे आंबट बोरांच्या बियांचा काढा.

हा काढा झांग झोंगजिंग या वैद्याच्या नावावर आहे. पूर्व हान राजवटीच्या अखेरीस, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकाच्या सांध्यावर तो होऊन गेला. 'जिन ग्वेई याओ ल्युए' या त्याच्या ग्रंथात या काढ्याची कृती आहे. म्हणजे काढ्याचं वय सुमारे अठराशे वर्षं. थकून गेलेल्या, आतून अस्वस्थ असलेल्या आणि झोप न लागणाऱ्या माणसासाठी तो सांगितला आहे.

त्यात घटक फक्त पाच:

- आंबट बोराच्या बिया. हे बोर आपल्या बोराच्याच प्रजातीसमूहातलं, पण वेगळ्या जातीचं.
- फू लिंग. पाइनच्या झाडांच्या मुळांवर वाढणारी एक बुरशी. रीलमधल्या पांढऱ्या चकत्या बऱ्याचदा याच्याच असतात.
- झी मू. शतावरीच्या कुळातल्या एका वनस्पतीचं मूळखोड.
- च्वान श्योंग. गाजर आणि कोथिंबीर ज्या कुळातली, त्याच कुळातली एक वनस्पती.
- ज्येष्ठमध.

कृतीही नेमकी आहे. आधी फक्त बिया उकळायच्या, पाणी थोडं आटलं की बाकीचे घटक घालायचे, आणखी आटवायचं आणि गाळून घेतलेल्या काढ्याचे तीन भाग करून ते कोमट असताना प्यायचे. म्हणजे मूळ कृतीत हा 'झोपण्याआधीचा एक कप' नाहीच. काढा तीन वेळा विभागून घ्यायचा आहे. थकलेल्या शरीराची झीज भरून काढणं हा त्यामागचा विचार होता. गोळी घेतली आणि अर्ध्या तासात डोळा लागला, असा दावा त्यात नाही.

मग 'टॉनिक' कशाला म्हणतात?

चिनी औषधांत 'बू' नावाचा एक मोठा वर्ग आहे. बू म्हणजे भरून काढणं, पोषण करणं. इंग्रजीत या वर्गाला टॉनिक म्हटलं गेलं आणि तोच शब्द जगभर रूढ झाला. जिन्सेंग, गोजी बेरी, लाल खजूर म्हणून विकली जाणारी सुकी बोरं, लिचीच्या कुळातलं लाँगन हे फळ, हे सगळे या वर्गातले.

झोपेसाठीचं सर्वात नावाजलेलं टॉनिक म्हणजे 'ग्वेई पी तांग'. यान योंगहे या वैद्याने तेराव्या शतकात, १२५३ च्या सुमारास सोंग राजवटीत लिहिलेल्या ग्रंथात ते आढळतं. त्यात जिन्सेंग, लाँगन, आंबट बोराच्या बिया असे घटक आहेत. काळजीने पोखरलेला, भूक मेलेला, विसराळू झालेला आणि रात्री तळमळणारा माणूस हा त्याचा रुग्ण. वर्णन वाचलं तर आजच्या कितीतरी ऑफिसांतली माणसं डोळ्यांसमोर येतील.

आज आपण ज्याला 'पारंपरिक चिनी वैद्यक' म्हणतो, त्याची सलग, अभ्यासक्रमात बसवलेली मांडणी मात्र तितकी जुनी नाही. चीनमधल्या कम्युनिस्ट सरकारने १९५० च्या दशकात वेगवेगळ्या परंपरा एकत्र आणल्या. १९५५ मध्ये बीजिंगमध्ये संशोधन संस्था उभी राहिली आणि १९५६ मध्ये बीजिंग, शांघाय, ग्वांगझू आणि चेंगडू इथे महाविद्यालयं सुरू झाली. ग्रंथ जुने आहेत, पण त्यांची पाठ्यपुस्तकी रचना विसाव्या शतकातली आहे.

या काढ्यांनी झोप येते का? विज्ञान काय सांगतं?

इथे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि जाहिराती ते मुद्दाम एकत्र करतात.

पहिला प्रश्न, या वनस्पतींमध्ये मेंदूवर परिणाम करणारं काही आहे का? याचं उत्तर हो असं आहे. आंबट बोराच्या बियांमध्ये जुजुबोसाइड आणि स्पिनोसिन नावाची संयुगं सापडतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्यांचा शांत करणारा परिणाम दिसला आहे. मेंदूची धावपळ कमी करणारी गाबा यंत्रणा आणि सेरोटोनिन यांच्याशी त्याचा संबंध असल्याचं संशोधक सांगतात.

दुसरा प्रश्न, हा काढा प्यायल्याने माणसाचा निद्रानाश बरा होतो का? इथे उत्तर बरंच कच्चं आहे.

हाँगकाँगमधल्या संशोधकांच्या एका गटाने २०१२ मध्ये निद्रानाशावरच्या चिनी वनौषधींच्या दोनशेहून अधिक चाचण्या एकत्र करून तपासल्या. सर्वात जास्त वापरलेला ठरीव काढा ग्वेई पी तांग आणि सर्वात जास्त वापरलेला घटक आंबट बोराची बी, असं त्यात दिसलं. निकाल वरवर पाहता उत्साहवर्धक होते. पण चाचण्यांचा दर्जा तपासला, तेव्हा बहुतेक चाचण्या कमकुवत निघाल्या. चांगल्या म्हणाव्यात अशा अगदी मोजक्या होत्या.

कमकुवत म्हणजे काय? चांगल्या चाचणीत रुग्णांचे दोन गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडतात. एका गटाला खरं औषध, दुसऱ्याला हुबेहूब तसंच दिसणारं खोटं औषध. कुणाला काय मिळालं, हे रुग्णालाही ठाऊक नसतं आणि मोजणाऱ्यालाही नाही. झोपेच्या बाबतीत हे फारच गरजेचं असतं, कारण 'आज औषध घेतलंय, आता झोप लागेल' या विश्वासानेच अनेकांना थोडी बरी झोप लागते. शिवाय निद्रानाश चढउताराचा असतो. माणूस औषध शोधतो ते सर्वात वाईट आठवड्यात, आणि त्यानंतरचा आठवडा बऱ्याचदा आपोआपच जरा बरा जातो. श्रेय मात्र काढ्याला मिळतं.

काढ्याची अडचण अशी, की त्याची चव आणि वास इतका ठळक असतो की त्याची नक्कल करणं अवघड जातं. अनेक चाचण्यांत खोटं औषध वापरलेलंच नव्हतं, काढ्याची तुलना थेट झोपेच्या गोळीशी केली होती. त्यामुळे कुणाला काय मिळतंय, हे सगळ्यांनाच कळत होतं.

आणखी एक गोष्ट. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेगवेगळ्या देशांतल्या ॲक्युपंक्चरच्या चाचण्या तपासल्या होत्या. चीनमधून आलेल्या चाचण्यांपैकी जवळपास प्रत्येकीचा निकाल सकारात्मक होता. कुठलाही उपचार इतक्या सातत्याने यशस्वी ठरत नाही. याचा अर्थ फसलेले प्रयोग छापलेच जात नसावेत, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. तो अभ्यास ॲक्युपंक्चरचा असला, तरी तीच शंका वनौषधींच्या चाचण्यांबाबतही घेतली जाते.

थोडक्यात, 'हे काढे निरुपयोगी आहेत' हे सिद्ध झालेलं नाही. पण 'हे काढे काम करतात' हेही पुरेशा भक्कमपणे सिद्ध झालेलं नाही.

पण चिनी औषधाला तर नोबेल मिळालंय ना?

कमेंटमध्ये हा मुद्दा हमखास येतो. २०१५ मध्ये चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना मलेरियावरच्या आर्टेमिसिनिनसाठी वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, हे खरं आहे. त्यांना धागा सापडला तो चौथ्या शतकातल्या गे होंग या वैद्याच्या ग्रंथात, हेही खरं.

पण त्यांनी केलं काय, ते पाहण्यासारखं आहे. त्या ग्रंथात वनस्पती न उकळता पाण्यात भिजवून पिळून घ्यायला सांगितलं होतं. उष्णतेने औषधी घटक नष्ट होत असावा, असं तू यूयू यांनी ताडलं आणि कमी तापमानाला उकळणारं ईथर वापरून अर्क काढला. मग तो प्राण्यांवर तपासला, सुरक्षित आहे का हे पाहण्यासाठी स्वतः घेऊन पाहिला, नंतर रुग्णांना दिला. त्यातलं नेमकं संयुग वेगळं केलं, त्याची रचना शोधली गेली, मात्रा ठरली.

नोबेल मिळालं ते या सगळ्या कष्टांना. जुन्या ग्रंथात औषध दडलेलं असू शकतं, हे त्यातून कळलं. ग्रंथातलं प्रत्येक औषध चालतं, असं त्यातून निघत नाही. झोपेच्या काढ्यांच्या बाबतीत तो प्रवास अजून अर्ध्यावरच आहे.

'नैसर्गिक' गोळी आणि अत्यवस्थ झालेली मुलं

फायदा होतो की नाही, हा एक भाग झाला. धोका हा दुसरा भाग आणि तो जास्त गंभीर आहे.

१९९३ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात तीन लहान मुलांना विषबाधा झाली. तिघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. हृदयाचे ठोके मंदावलेले, श्वास मंदावलेला, मुलं गुंगीत. तिघांनीही घरात ठेवलेल्या एकाच प्रकारच्या गोळ्या गिळल्या होत्या. नाव 'जिन बू हुआन', अर्थ साधारण 'सोनं दिलं तरी न बदलण्यासारखं'. दुखणं कमी करणाऱ्या आणि झोप आणणाऱ्या चिनी वनौषधी गोळ्या म्हणून त्या विकल्या जात होत्या. सुदैवाने तिन्ही मुलं बरी झाली.

गोळ्यांची रासायनिक तपासणी झाली, तेव्हा लेबल आणि वस्तू यांचा मेळच लागेना. लेबलवर जी वनस्पती लिहिली होती, तिच्यात हे रसायन सापडतच नाही. गोळीत होतं लेव्हो-टेट्राहायड्रोपाल्मेटिन नावाचं, दुसऱ्याच वनस्पतीसमूहात मिळणारं गुंगी आणणारं रसायन. तेही सुमारे ३६ टक्के, म्हणजे जवळपास शुद्ध औषधाच्या गोळीसारखं. पुढच्या वर्षी या गोळ्या घेणाऱ्या सात प्रौढांच्या यकृताला सूज आल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

म्हणजे गोळीने झोप येत होती, ती आत खरोखरच गुंगीचं औषध असल्यामुळे. फक्त ते कोणतं आणि किती, हे घेणाऱ्याला ठाऊक नव्हतं.

दुसरं प्रकरण १९९८ चं. 'स्लीपिंग बुद्धा' नावाचं वनौषधी उत्पादन अमेरिकेत फूड सप्लिमेंट म्हणून विकलं जात होतं. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने ते तपासलं, तर त्यात एस्टाझोलाम निघालं. हे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही असं झोपेचं औषध आहे. बेन्झोडायझेपिन या गटातलं, म्हणजे ज्याची सवय लागते त्याच गटातलं. गर्भवतींनी ते घेऊ नये, असा इशारा त्यावर असतो. लेबलवर मात्र त्याचा उल्लेखही नव्हता. प्रशासनाने लोकांना ते न घेण्याचं आवाहन केलं.

झोपेच्या गोळीची भीती वाटते म्हणून 'हर्बल' घ्यावं आणि त्यातून नकळत झोपेचीच गोळी पोटात जावी, असा हा प्रकार.

काही घटकच धोक्याचे आहेत का?

आहेत. आणि ते भेसळ म्हणून नाही, तर मूळ कृतीतच आहेत.

हिंगूळ: चिनी परंपरेत मन शांत करण्यासाठी हिंगूळ वापरला जायचा. 'झू शा आन शेन वान' या गोळीच्या नावातलं झू शा म्हणजे हिंगूळच. बाराव्या-तेराव्या शतकातल्या ली दोंगयुआन या वैद्याची ती कृती. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक यांचं संयुग. तो पाण्यात फारसा विरघळत नाही, पण तापवला तर पाऱ्याची विषारी वाफ सुटते. चीनच्या औषधकोशातही त्याची मात्रा अगदी कमी ठेवली आहे आणि तो जास्त प्रमाणात किंवा दीर्घकाळ घेऊ नये, असं बजावलं आहे.

हे शौ वू: केस काळे ठेवणारं टॉनिक म्हणून हे मूळ सोशल मीडियावर प्रसिद्ध आहे. त्याच वेलीचं खोड झोपेच्या काढ्यांत वापरलं जातं. या मुळामुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी अनेक देशांत आहेत. ब्रिटनच्या औषध नियामकाने २००६ मध्येच याबद्दल इशारा दिला होता.

ज्येष्ठमध: आपल्या घरातलाच असल्याने तो निरुपद्रवी वाटतो. खोकल्याला तुकडा चघळणं वेगळं आणि रोज, महिनोन्‌महिने काढ्यातून पोटात जाणं वेगळं. जास्त ज्येष्ठमधामुळे रक्तदाब वाढतो आणि रक्तातलं पोटॅशियम घटतं. बीपीच्या आणि हृदयाच्या रुग्णांसाठी हे धोक्याचं आहे.

जिन्सेंग आणि दांग ग्वेई: रक्त पातळ करणारं वॉर्फरिन घेणाऱ्यांनी या दोन्हींपासून सावध राहावं. दांग ग्वेईमुळे रक्तस्राव होण्याचा धोका वाढू शकतो आणि जिन्सेंगमुळे वॉर्फरिनचा परिणाम कमी होऊ शकतो.

जपानमध्ये तर डॉक्टर हेच काढे देतात?

हो, आणि हे उदाहरण मुद्दाम पाहावं असं आहे. चिनी वैद्यक शतकांपूर्वी जपानमध्ये गेलं आणि तिथे त्याची 'काम्पो' नावाची शाखा तयार झाली. आज जपानच्या सरकारी आरोग्य विम्यात १४८ काम्पो औषधं समाविष्ट आहेत. आंबट बोराच्या बियांचा काढाही त्यात आहे, 'सानसोनिन्तो' या नावाने.

फरक कुठे आहे? तिथे हा काढा कारखान्यात ठरावीक प्रमाणात बनतो, पुडीत दाणेदार स्वरूपात मिळतो, आधुनिक वैद्यकाची पदवी असलेला डॉक्टर तो लिहून देतो आणि ज्येष्ठमधामुळे होणाऱ्या त्रासाची सूचना माहितीपत्रकावर असते. कुणाला त्रास झाला, तर तो कळवण्याची यंत्रणा आहे. काढा किती गुणकारी आहे, हा वाद तिथेही चालू राहू शकतो. पण पुडीत काय आहे, हा प्रश्न तिथे उरत नाही. ऑनलाइन मागवलेल्या पाकिटाबाबत नेमका तोच प्रश्न उरतो.

भारतात ही औषधं कोणत्या कायद्यात बसतात?

आपल्याकडे १९४० च्या औषध आणि सौंदर्यप्रसाधन कायद्यात आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी औषधांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. चिनी वनौषधींसाठी तसं प्रकरण नाही. त्यामुळे अशी उत्पादनं 'चहा', 'फूड सप्लिमेंट', 'वेलनेस ड्रिंक' अशा नावांनी समोर येतात. पाकिटावर खाद्यपदार्थाचा परवाना क्रमांक असला, तर त्याचा अर्थ खाद्यपदार्थ म्हणून परवाना आहे, एवढाच. त्याने निद्रानाश बरा होतो, हे कुणी तपासलंय असा होत नाही.

महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आहे. पण तो सुयांच्या उपचारपद्धतीपुरता आहे. ॲक्युपंक्चर करणाऱ्याने सोबत चिनी गोळ्यांची बाटली दिली, तर त्या बाटलीला या कायद्याचं संरक्षण आपोआप मिळत नाही.

आणि हा प्रश्न फक्त 'चिनी माला'चा आहे असंही समजू नका. झोपेसाठी आपल्याकडे सर्रास घेतल्या जाणाऱ्या अश्वगंधामुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत आणि डेन्मार्कने २०२३ मध्ये अश्वगंधावर बंदी घातली. निकष सगळ्यांना सारखेच लावायला हवेत: आत काय आहे, किती आहे आणि कुणी तपासलंय.

मग झोप येत नसेल तर करायचं काय?

अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने, अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने, २०१६ मध्ये स्पष्ट शिफारस केली: दीर्घकाळच्या निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून औषध नको, तर झोपेसाठीची वर्तनोपचार पद्धत वापरा. तिला सीबीटी-आय म्हणतात. नाव मोठं असलं तरी त्यातल्या गोष्टी साध्या आहेत:

- रात्री कितीही वाजता झोप लागली, तरी सकाळी उठण्याची वेळ रोज तीच ठेवायची. रविवारीही.
- अंथरुण फक्त झोपेसाठी. लॅपटॉप, जेवण, रील, ऑफिसचे मेल तिथे नाहीत.
- वीसेक मिनिटांत झोप लागली नाही असं वाटलं, तर उठून दुसऱ्या खोलीत किंवा खुर्चीत बसायचं. डोळे जड झाले की परत यायचं. घड्याळाकडे बघायचं नाही.
- पाच तासच झोप लागत असेल, तर आठ तास अंथरुणात पडून राहायचं नाही. अंथरुणातला वेळ आधी कमी करून मग हळूहळू वाढवायचा. ही पायरी तज्ज्ञाच्या देखरेखीखाली करावी, विशेषतः ड्रायव्हिंग करणाऱ्यांनी आणि फिट्स येणाऱ्यांनी.
- 'आज झोप नाही लागली तर उद्याचा दिवस वाया' यांसारखे विचार ओळखायचे आणि तपासून बघायचे.

पहिले काही दिवस हे काढ्यापेक्षा नक्कीच कडू लागतं. पण झोप बिघडवणाऱ्या सवयींवरच काम होत असल्याने त्याचा परिणाम टिकतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे, झोप न येणं हे अनेकदा दुसऱ्याच आजाराचं लक्षण असतं. जोरात घोरणं, झोपेत श्वास अडकणं, सकाळी डोकं दुखणं, दिवसभर पेंग येणं, ही स्लीप ॲप्निया या आजाराची लक्षणं असू शकतात. त्यात गुंगी आणणारं काहीही घेतलं तर श्वासाचा त्रास वाढू शकतो. पहाटे तीन-चारला जाग येऊन मन खचणं हे नैराश्याचं लक्षण असू शकतं. थायरॉइड, पाय सतत हलवावेसे वाटणं, रजोनिवृत्ती, दुखणं, दुसऱ्या आजारावरची औषधं, अशी बरीच कारणं असतात. सहा महिने काढा पिण्यात गेले, तर सहा महिने मूळ आजार तसाच राहतो.

आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री झोप बिघडत असेल आणि हे तीन महिन्यांहून जास्त चाललं असेल, तर डॉक्टरांना भेटा. मन फारच खचलं असेल, तर थांबू नका. केंद्र सरकारच्या टेलिमानस या मोफत हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ आहे. तिथे मराठीतही बोलता येतं.

तरीही घ्यायचंच असेल, तर काय तपासाल?

लाँगन, लाल खजूर किंवा गोजी बेरी घालून कधीतरी केलेला चहा हा बहुतेक निरोगी लोकांसाठी एक गोड, गरम पेय एवढाच असतो. मधुमेह असेल तर त्यातली साखर मोजा. रात्री चहा-कॉफीऐवजी तो घेतला, तर कॅफिन टळतं हाही फायदाच. काळजी घ्यायची ती तयार गोळ्या, पावडर आणि अर्क यांच्या बाबतीत:

१. सगळे घटक आणि त्यांचं प्रमाण लेबलवर लिहिलेलं आहे का? 'गुप्त फॉर्म्युला' असेल तर दूरच राहा.

२. पहिल्याच रात्री जबरदस्त गुंगी आली, तर 'वा, काय गुण आला' असं म्हणू नका. काढे परंपरेनुसारही इतक्या झटपट काम करत नाहीत. आत दुसरं काही असण्याची शक्यता धरा आणि थांबा.

३. बीपी, रक्त पातळ करणारी औषधं, मानसोपचाराच्या किंवा फिट्सच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना पाकीट दाखवल्याशिवाय घेऊ नका.

४. गर्भवती, बाळाला अंगावर पाजणाऱ्या आई, यकृताचे किंवा किडनीचे रुग्ण यांनी घेऊ नका.

५. लघवी गडद होणं, डोळे पिवळे दिसणं, भूक मरणं, अंगाला खाज सुटणं, यांपैकी काही झालं तर लगेच बंद करून यकृताची तपासणी करा. जाताना पाकीट सोबत न्या.

६. आधीपासून झोपेची गोळी चालू असेल, तर काढा सुरू केला म्हणून ती एकदम बंद करू नका. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी लागते.

७. अशा गोळ्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठिकाणी ठेवा. कोलोरॅडोतल्या त्या तीन मुलांनी गिळलेल्या गोळ्याही घरातल्या मोठ्यांसाठी आणलेलं 'हर्बल' औषधच होतं.